सह्याद्रीच्या कातळाची साक्ष

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली, म्हणजे डब्यातील बहुतेक प्रवाशांचे डोळे दरीकडे लागतात. पावसाळ्यात तेथे धबधबे असतात, आणि धबधब्यांपुढे दगडाकडे कोण पाहणार? तथापि ज्या श्रोत्यांनी हिवाळ्यातील एखाद्या स्वच्छ सकाळी समोरचे कडे न्याहाळून पाहिले असतील, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. तो डोंगर एकसंध नाही. एकावर एक पायऱ्या रचाव्या तसे त्याचे थर आहेत. एक उभा काळा कडा, मग गवताची आडवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे त्यावरून युरोपातील भूशास्त्रज्ञांनी या जातीच्या दगडास ‘ट्रॅप’ म्हटले, आणि आपल्याकडील या अफाट पाषाणराशीचे नाव ‘डेक्कन ट्रॅप’ असे पडले. याच कातळात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली आणि याच्याच तुटलेल्या कड्यांच्या भरवशावर राजगड, रायगड उभे राहिले.

संस्कृत भाषेने पर्वतास ‘अचल’ हे नाव दिले आहे आणि पृथ्वीस ‘अचला’. स्थिरपणाची उपमा द्यावयाची तर ती डोंगराचीच द्यावी, अशी सर्वांची समजूत. पुराणांत मात्र याच्या अगदी उलट एक कथा आहे. पूर्वी पर्वतांना पंख होते. ते वाटेल तिकडे उडत आणि वाटेल तेथे बसत. अखेर इंद्राने वज्राने त्यांचे पंख छाटले आणि एकटा मैनाक तेवढा समुद्रात दडून वाचला. ही कथा म्हणजे प्राचीनांचे भूशास्त्र होय, असे म्हणण्याचा मोह कोणी धरू नये. काव्य ते काव्य. परंतु बोरघाटातील हा कातळ ज्या वेळी तप्त शिलारसाच्या रूपाने भूमीवर पसरला आणि निवून घट्ट झाला, त्या वेळी ती भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २५ ते ३० अंशांवर होती, म्हणजे आज जेथे मादागास्करचे दक्षिण टोक आहे, जवळजवळ त्या अक्षांशावर. आज मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर आहे. मधले अंतर पाच हजार किलोमीटरांच्या घरात जाते. हे विधान आता शाळकरी मुलांच्या पुस्तकातही सापडते. १९५० साली मात्र ते एखाद्या नामांकित विद्यापीठात कोणी केले असते, तर ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले असते. पुढील दहा-पंधरा वर्षांत असे काय घडले, आणि त्यात या काळ्या दगडाचा वाटा कोणता, हा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

त्याचा आरंभ दगडी कोळशाच्या शोधापासून होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थान सरकारच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे लोक कोळशासाठी ओरिसाची व मध्यप्रांताची रानेवने तुडवीत होते. १८५६ साली ओरिसातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड या तिघांना कोळशाच्या थरांच्या तळाशी एक चमत्कारिक थर आढळला. बारीक मऊ गाळ, आणि त्यात लहानमोठे धोंडे जागजागी रुतून बसलेले. वाहते पाणी असे कधी करीत नाही. ते जड ते आधी टाकते, हलके ते पुढे नेते, धान्य पाखडल्याप्रमाणे निवड करते. निवड न करता सगळे एकत्र वाहून आणणारा वाहक एकच, तो म्हणजे बर्फ. ओरिसात बर्फ! पुढे चांद्याजवळ इरई येथे याच काळच्या थराखाली हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला व समांतर ओरखडे ओढलेला चुनखडीचा पृष्ठभागही उघडा पडलेला सापडला. चांद्याचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांनाच या शोधाचा खरा अचंबा वाटेल.

गोंड राजांच्या या मुलखावरून त्या थरांच्या मालिकेस ‘गोंडवन’ हे नाव मिळाले. बर्फाच्या खुणांच्या वरच्या थरांत ‘ग्लॉसॉप्टेरिस’ नावाच्या एका नामशेष वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने दगडात उमटलेली सापडतात. नवल असे की, हीच पाने आणि त्यांच्याखाली हेच बर्फाचे धोंडे दक्षिण आफ्रिकेत सापडले, ऑस्ट्रेलियात सापडले, दक्षिण अमेरिकेतही सापडले. मध्ये महासागर पसरलेले असता एकच झाडझाडोरा चोहोंकडे कसा? ऑस्ट्रियातील थोर भूशास्त्रज्ञ एड्वर्ड झ्यूस यांनी यावर असे उत्तर दिले की, हे सर्व प्रदेश पूर्वी एकाच विशाल खंडाचे भाग असावेत, आणि मधली जमीन पुढे खचून समुद्राच्या तळाशी गेली असावी. त्या खंडास त्यांनी ‘गोंडवनभूमी’ असे नाव दिले. एका वनवासी जमातीचे नाव अशा रीतीने साऱ्या जगाच्या भूशास्त्रात रूढ झाले.

उत्तर सोईचे होते; परंतु त्याच्या मुळावर घाव घालणारे एक गणित हिंदुस्थानातच आधी होऊन बसले होते. एव्हरेस्ट यांच्या भूमापनात कालियाना व कल्याणपूर या दोन ठाण्यांमधील अंतर ताऱ्यांवरून काढले असता एक आणि जमिनीवर साखळीने व कोनांनी मोजले असता दुसरे, असा सुमारे पाच विकलांचा फरक पडला. हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढीत असेल, हे कारण उघड दिसत होते. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी १८५५ साली हिशेब मांडला, तो मात्र भलताच निघाला. हिमालयाच्या ओढीने फरक पंधरा विकलांचा पडावयास हवा होता; तो पडला अवघा पाचांचा. याचा अर्थ इतकाच की, पर्वताखाली कोठे तरी वस्तुमानाची तूट आहे. त्याच वर्षी एअरी या ज्योतिषशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. पर्वत हे हलक्या दगडाचे बनलेले असून जड थरावर तरंगत आहेत. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याप्रमाणे जेवढा भाग वर, त्याहून कितीतरी अधिक खाली. आता हलक्या द्रव्याचे अखंड खंड जड तळात बुडाले असे म्हणणे, म्हणजे बुचाला तळाशी जाऊन बस म्हणण्यासारखे झाले. ही अडचण सर्वांपुढे होती, परंतु सोईच्या मताला अडचणीचा जाच सहसा होत नाही.

ती अडचण गंभीरपणे घेणारा पुरुष भूशास्त्रज्ञ नव्हताच. आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १८८० साली बर्लिन येथे झाला. त्यांनी पदवी घेतली ज्योतिषशास्त्रात, नोकरी केली हवामानशास्त्रात, आणि १९०६ साली भावासह बलूनमध्ये सतत बावन्न तास हवेत राहून त्या काळचा उच्चांक केला. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्ट येथे त्यांनी आपले मत प्रथम मांडले. खंडांमधली जमीन बुडालेली नाही; खंडच एकमेकांपासून दूर सरकले आहेत. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडांवरून जुळवावे आणि मग छापलेल्या ओळीही एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ जातात की नाही ते पाहावे, असा दाखला ते देत. दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांच्या कडा जुळतात एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. दगडांचे पट्टे, जीवाश्म, जुन्या हिमनद्यांच्या खुणा या ‘ओळी’ही जुळतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९१५ साली, महायुद्धात जखमी होऊन परतल्यावर, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान दक्षिणेकडून वर सरकत आला आणि त्याच्या रेट्याने हिमालय उभा राहिला, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

त्यांच्यावर जो हल्ला झाला, तो मात्र केवळ जुनाटपणाचा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. खंड सरकतात ते कशाच्या जोरावर, या प्रश्नाला वेगेनर यांचे उत्तर फार लंगडे होते. पृथ्वीच्या भ्रमणामुळे उत्पन्न होणारी ध्रुवापासून दूर लोटणारी प्रेरणा आणि चंद्रसूर्यांची ओढ, ही दोन कारणे त्यांनी पुढे केली. इंग्लंडातील गणिती हॅरल्ड जेफ्रीज यांनी हिशेब करून दाखविले की, या प्रेरणा हव्या त्या कामाला कित्येक पटींनी अपुऱ्या आहेत. तो हिशेब बरोबर होता. शिवाय ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर पश्चिमेकडे सरकत असल्याचे वेगेनर यांनी जुन्या मोजमापांवरून सांगितले, तेही चुकीचे ठरले. १९२६ साली न्यू यॉर्क येथे या विषयावर मोठी परिषद भरली, आणि तेथे विरोधकांचेच पारडे जड राहिले. कारण चुकले म्हणून घटनाच खोटी, असा निवाडा विद्वानांच्या सभेने द्यावा, यात नवे काही नाही.

वेगेनर यांना या वादाचा शेवट पाहावयास मिळाला नाही. १९३० साली ते ग्रीनलंडच्या हिमपठारावर हवामानाच्या अभ्यासासाठी गेले होते. पठाराच्या मध्यभागी असलेल्या ठाण्यातील सहकाऱ्यांना हिवाळ्याची रसद पोहोचविण्यासाठी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ते भयंकर थंडीत तेथवर गेले. १ नोव्हेंबर रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, रास्मुस विल्युमसेन या तरुण ग्रीनलंडवासी सोबत्याबरोबर ते परत निघाले, आणि किनाऱ्यास पोहोचलेच नाहीत. पुढल्या मे महिन्यात शोध करणाऱ्यांना बर्फात उभ्या रोवलेल्या त्यांच्या स्कीज दिसल्या. त्यांच्या दरम्यान विल्युमसेनने त्यांचा देह नीट गुंडाळून पुरला होता. तो इमानी सोबती स्वतः कोठे नाहीसा झाला, हे कोणास कधीच कळले नाही.

मताचा दिवा अगदी विझला नाही. दक्षिण आफ्रिकेचे दु टॉइट यांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील दगड स्वतः पाहून १९३७ साली वेगेनर यांच्या बाजूने भरभक्कम ग्रंथ लिहिला. स्कॉटलंडमधील व्याख्यानात आर्थर होम्स यांनी १९२७ सालीच हरवलेले कारणही सुचविले होते. पृथ्वीच्या पोटातील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने आतील घन दिसणारा खडकही लक्षावधी वर्षांच्या मानाने पातेल्यातील दुधाप्रमाणे संथ ढवळला जातो. आणि साईचे तुकडे ढवळीबरोबर सरकावे तसे खंड सरकतात. परंतु हे अनुमान होते, आणि पृथ्वीच्या पोटात शिरून कोण पाहणार? पुरावा हवा होता तो असा, की ज्यात आकृतींच्या साधर्म्यावर भिस्त नाही, ज्यात आकडा आहे, आणि जो मोजता येतो.

तो पुरावा काळ्या कातळाच्या पोटात होता.

बेसॉल्टचा शिलारस जमिनीवर येतो तेव्हा त्याची उष्णता हजार अंशांच्या वर असते. त्यात लोहयुक्त मॅग्नेटाइट खनिजाचे बारीक कण असतात. रस निवून घट्ट झाला आणि उष्णता सुमारे ५८० अंशांखाली आली, म्हणजे हे कण चुंबकधर्मी होतात, आणि त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकत्वाची जी दिशा त्या ठिकाणी असेल ती धरून ठेवतात. दगड पुढे कोठेही जावो, त्याची स्मृती तीच. आता ही दिशा केवळ उत्तर-दक्षिण नसते; तिला खाली-वर असा कलही असतो. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर उभी होते, आणि मध्ये अक्षांशाच्या मानाने झुकते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली जाते, दक्षिण गोलार्धात वर उचलते. म्हणून दगडातील कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर निवला, याचे उत्तर साध्या त्रिकोणमितीने मिळते. जन्मस्थळाचा दाखला प्रत्येक दगडाच्या खिशातच आहे; तो वाचण्याचे साधन तेवढे हवे.

ते साधन एका फसलेल्या प्रयोगातून निर्माण झाले. १९४८ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थवैज्ञानिक पॅट्रिक ब्लॅकेट यांची अशी कल्पना होती की, फिरणारी कोणतीही जड वस्तू केवळ फिरण्यामुळेच चुंबकत्व उत्पन्न करते. हे पडताळण्यासाठी त्यांनी इंग्लंडच्या बँकेकडून पंधरा किलोग्रॅमांहून अधिक वजनाचे शुद्ध सोने उसने आणले, त्याचा दंडगोल घडविला, लोखंडाचा स्पर्श नसलेल्या एका झोपडीत ठेवला, आणि अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणारे यंत्र स्वतः बांधले. सोन्यातून काहीही निघाले नाही, आणि १९५२ साली ब्लॅकेट यांनी आपली कल्पना चुकली असे छापून मोकळेपणाने सांगितले. सोने बँकेत परत गेले. यंत्र मात्र उरले, आणि ते दगडांतील क्षीण चुंबकत्व वाचण्यास नेमके उपयोगी पडले.

त्याच सुमारास केंब्रिज येथे एड्वर्ड अर्व्हिंग नावाचा विद्यार्थी जुन्या वालुकाश्मांचे चुंबकत्व मोजीत होता. खंड खरोखर सरकले असतील, तर सर्वांत लांब प्रवास हिंदुस्थानचा झाला असला पाहिजे. मग परीक्षा हिंदुस्थानच्या दगडाचीच का घेऊ नये? त्याने डेक्कन ट्रॅपचे मोजके नमुने मिळविले. त्यांतील दिशा सांगत होती की, हा दगड विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस निवला. नमुने थोडे, विद्यार्थी पंचविशीच्या आसपासचा, आणि निष्कर्ष सर्वमान्य मताच्या विरुद्ध. १९५४ साली त्याचा प्रबंध केंब्रिजच्या परीक्षकांनी नामंजूर केला, आणि तो पदवीवाचून ऑस्ट्रेलियास निघून गेला. अकरा वर्षांनी त्याच विद्यापीठाने त्याला डॉक्टर ऑफ सायन्स ही त्याहून वरची पदवी दिली. ज्याने हे दोन्ही प्रसंग पाहिले, त्याला परीक्षा या प्रकाराविषयी काय वाटले असेल, हे तोच जाणे.

मोठ्या प्रमाणावर काम झाले ते ब्लॅकेट यांच्या मंडळींकडून. क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स या तिघांनी भारतीय दगडांच्या चुंबकत्वावरील आपला निबंध १९५६ साली प्रसिद्ध केला. ब्लॅकेट व डॉ. होमी भाभा यांचा जुना स्नेह होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची शाखा निघाली, आणि राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे हे संशोधक इंग्लंडच्या मंडळींबरोबर कामास लागले. हे काम प्रयोगशाळेत जितके, तितकेच घाटवाटांत. दगड नुसता फोडून आणून भागत नाही. तो कड्यात जसा बसला आहे तशाच स्थितीत त्याच्यावर प्रथम उत्तर दिशा व आडवी पातळी यांच्या खुणा कराव्या लागतात. त्या चुकल्या की पुढील सर्व गणित व्यर्थ. माथ्यावरच्या उघड्या दगडावर वीज पडून त्याची स्मृती बिघडलेली असते, म्हणून ताज्या खोदकामातील, पोटातला दगड निवडावा लागतो. एका थराचा दाखला पुरत नाही, कारण पृथ्वीची चुंबकीय दिशा दर शतकात थोडी हेलकावत असते. अनेक थरांची सरासरी घ्यावी लागते. सुदैवाने येथे थरांची वाण नाही. भुसावळ येथे कोळशाच्या आशेने पाडलेल्या एका खोल छिद्रातच फर्मोर यांना शिलारसाचे २९ थर मोजता आले होते.

उत्तर कोणते आले? वरच्या थरांतील चुंबकत्वाचे उत्तर टोक खाली झुकण्याऐवजी पंचेचाळीस अंशांहून अधिक वर उचललेले निघाले. खालच्या पुष्कळ थरांत दिशा नेमकी उलटी, म्हणजे दक्षिणेकडे व खाली. प्रथमदर्शनी हा विरोध वाटेल; पण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव मधूनमधून आपली जागा अदलाबदल करतात, हे फ्रान्समध्ये ब्रून यांनी १९०६ साली आणि जपानात मातुयामा यांनी १९२९ साली दाखविले होते. ध्रुव उलटले तरी रेषा तीच राहते, आणि ती रेषा दक्षिण गोलार्धाचीच होती. मग १९५८ साली बंगालच्या सीमेजवळील राजमहाल टेकड्यांतील काळ्या दगडाची मोजणी प्रसिद्ध झाली. तो दगड डेक्कन ट्रॅपहून सुमारे पाच कोटी वर्षांनी जुना. त्यातील कल त्याहून तीव्र, आणि त्यावरून येणारा अक्षांश आणखी दक्षिणेचा, जवळजवळ पंचेचाळीस अंशांचा. जुना दगड अधिक दक्षिणेस, नवा कमी दक्षिणेस, आणि भूमी आज उत्तरेस. साक्षीदार दोन झाले आणि त्यांच्या जबान्या एकमेकींस जुळल्या.

तरीही विरोधकांनी एक पळवाट काढली. भूमी सरकली कशावरून? पृथ्वीचा ध्रुवच सरकला असेल. ही शंका रास्त होती. परंतु ध्रुव जर एकच, तर त्याचा सरकण्याचा मार्ग युरोपच्या दगडांवरून काढा की अमेरिकेच्या, एकच यावयास हवा. १९५६ पर्यंत स्पष्ट झाले की दोन मार्ग निराळे पडतात, आणि भारताचा तर तिसराच, सर्वांत लांब.

निर्णायक पुरावा पुढे समुद्राने दिला, आणि त्यातील एक दुवा मुंबईच्या किनाऱ्यापासून फार दूर नव्हता. अरबी समुद्रात, भारत व आफ्रिका यांच्या दरम्यान, पाण्याखाली एक लांबच लांब पर्वतरांग आहे. एका डॅनिश मोहिमेने तिला कार्ल्सबर्ग हे नाव दिले. मोहिमेचा खर्च त्या नावाच्या मद्यनिर्मात्याच्या निधीने सोसला होता. १९६२ साली ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने तिच्यावरून चुंबकमापक यंत्र ओढीत नेले. त्या नोंदींवरून फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली असा अर्थ काढला की, रांगेच्या मध्यभागी असलेल्या भेगेतून नवा शिलारस सतत वर येतो, निवतो, आणि दोन्ही बाजूंस सरकतो; ध्रुव उलटेल तसे त्यात सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे उमटत जातात. समुद्रतळ म्हणजे जणू दोहोंकडे उलगडत जाणारा कागदाचा गुंडाळा. अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढताना अशाच भेगेची खूण मेरी थार्प या विदुषीला दहा वर्षे आधीच दिसली होती, आणि तिच्या सहकाऱ्यानेच ती आरंभी उडवून लावली होती. १९६६ पर्यंत पॅसिफिकमधील नोंदींनी पट्ट्यांचे दोन्ही बाजूंचे साम्य इतके तंतोतंत दाखविले की, वाद संपला. १९६७-६८ मध्ये मॅकेंझी, पार्कर, मॉर्गन व ल पिशाँ यांनी सर्व सूत्रे एकत्र गुंफली. पृथ्वीचे कवच सात मोठ्या व काही लहान भूपट्टांत विभागलेले आहे. त्यांची जाडी साधारण शंभर किलोमीटर. खंड हे त्या पट्टांवरील केवळ प्रवासी. सागरी रांगांशी पट्ट वाढतात, आणि दुसऱ्या टोकास जुना, थंड, जड झालेला पट्ट खाली बुडताना उरलेल्यास आपल्यामागून ओढतो. होम्स यांच्या पातेल्यात जी उणीव होती ती एवढीच, की साय नुसती वाहत नाही. ती बुडताना स्वतःच ढवळते.

आता दख्खनच्या प्रवासाची हकीकत सुसंगत सांगता येते. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकापासून सुटला. नऊ कोटी वर्षांच्या सुमारास मादागास्कर मागे पडले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थळावरून जात असता भूमी फाटली आणि शिलारसाचे पूर आले. त्यांचे अवशेष आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर व्यापून आहेत. त्यानंतर लवकरच पश्चिम किनाऱ्याशी लागून असलेली सेशेल्सची भूमी तुटून वेगळी झाली. भारत पुढे निघून गेला, अग्निस्थान मात्र मागेच राहिले आणि पट्ट वरून सरकत असता त्याला खालून चटके देत गेले. लखदीव, मालदीव, चागोस ही बेटांची ओळ त्या चटक्यांच्या मालिकेवर उभी आहे. पुढे त्याच अग्नीने मॉरिशस घडविले, आणि आज तो रेयुनियाँ बेटावरील ज्वालामुखीतून धुमसतो आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून व देशावरून मजुरीसाठी मॉरिशसला गेलेली मराठी कुटुंबे तेथील काळ्या दगडांवर ऊस पिकवू लागली, तेव्हा सह्याद्रीला जन्म देणाऱ्या चुलीच्याच राखेवर आपण उभे आहोत, हे त्यांना कोण सांगणार?

भारताच्या पुढे टेथिस नावाचा समुद्र होता. त्या काळी भारताची गती वर्षाला पंधरा सेंटिमीटरांच्याही वर गेली होती. भूपट्टाच्या मानाने ही धावच म्हणावयाची. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला, गती मंदावली, आणि टेथिसच्या तळाचा गाळ दुमडून वर उचलला गेला. देवघरातील शाळिग्राम या घटनेची साक्ष देतो. गंडकी नदीच्या पात्रातून येणारा तो गुळगुळीत काळा गोटा फुटला, म्हणजे आत जे चक्र दिसते, ते टेथिस समुद्रात राहणाऱ्या एका शिंपल्यातील प्राण्याचे कवच होय.

हा प्रवास थांबलेला नाही. उपग्रहांच्या साहाय्याने मोजले असता बंगळूर येथील ठाणे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे जाताना आढळते. माणसाचे नख वर्षभरात वाढते त्याहून थोडे अधिक. हिमालयात हा रेटा अडतो, साचतो आणि मधूनमधून सुटतो. १९०५ चा कांगड्याचा, १९३४ चा बिहार-नेपाळचा, १९५० चा आसामचा, २०१५ चा नेपाळचा, हे सर्व भूकंप त्याच रेट्याचे.

दख्खनच्या पठाराविषयी मात्र निर्धास्तपणा होता. हा भूभाग प्राचीन व घट्ट. येथे कंप होणार नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर हादरले आणि पावणेदोनशेंच्या वर माणसे दगावली. तेथे नव्या जलाशयाचे कारण सांगता आले, आणि सांगितलेले कारण बरोबरही होते. पण पाणी फक्त खटका ओढते, धनुष्य आधी ताणलेले असावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीत व भोवतालच्या गावांत दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या दहा हजारांच्या जवळ गेली. भूकंपाच्या धोक्याच्या सरकारी नकाशावर तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. २००२ च्या नकाशात तो पट्टाच काढून टाकण्यात आला. एका बाजूस सागरी रांगेचा दाब आणि दुसऱ्या बाजूस हिमालयाचा अडसर, या दोहोंमध्ये सबंध पट्टच दाबात आहे, आणि कवचातील जुनी भेग कोठेही या दाबाला वश होऊ शकते, असा उलगडा आता केला जातो.

तो दाब जेथे काम करतो ती जागा काळ्या कातळाच्या खाली आहे. किल्लारीस भूकंपानंतर छिद्र पाडले तेव्हा ३३८ मीटरांवर बेसॉल्ट संपला आणि गाळाच्या एका पातळ थराखाली ग्रॅनाइट लागला. कोयनेच्या परिसरात हा कातळ त्याच्या कितीतरी पट जाड आहे. कराड येथे याच कामासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि तिच्या देखरेखीखाली खोदलेले छिद्र २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल गेले. शिलारसाचे थर एकामागून एक ओलांडून ते त्याखालच्या अब्जावधी वर्षे जुन्या दगडात पोहोचले. तेथून काढलेले दगडाचे गोल दांडे पेट्यांत क्रमवार लावून, प्रत्येकावर खोलीचा आकडा घालून, ठेवलेले आहेत.